नवोदयची परीक्षा चाळीस दिवसांवर: काय धरायचं, काय सोडायचं

सहावीच्या प्रवेशासाठी जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची निवड चाचणी होते. तिची तारीख दरवर्षी ठरलेली नसते. 2025 साली ती 18 जानेवारीला झाली. त्यापुढच्या सत्राची परीक्षा मात्र 13 डिसेंबर 2025 लाच झाली, म्हणजे महिनाभर अलीकडे सरकली. दिवाळीनंतर अभ्यासाला लागू म्हणणाऱ्या घरांची त्यामुळे पळापळ होते. फॉर्म भरून झालेला असतो, सराव मात्र शून्य. हा लेख अशांसाठीच आहे. हातात साधारण चाळीस दिवस आहेत, मूल पाचवीत आहे आणि शाळाही चालू आहे, असं धरून लिहिलंय.

आधी पेपर नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. वेळ दोन तास, प्रश्न 80, गुण 100, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा गुण. मानसिक क्षमतेचे 40 प्रश्न (50 गुण), अंकगणिताचे 20 (25 गुण) आणि भाषेचे 20 (25 गुण). चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वेळ कोणत्या भागाला किती द्यायचा हे मुलाच्या हातात असतं, पण तिन्ही भागांत वेगवेगळं पात्र ठरावं लागतं. तेव्हा गणित कच्चं आहे म्हणून सगळा भर आकृत्यांवर टाकता येत नाही.

निम्मे गुण नुसत्या आकृत्यांचे आहेत, आणि कमी दिवसांत सगळ्यात लवकर वाढतात ते हेच. गणिताचा पाया दीड महिन्यात घालता येत नाही. आरशातली प्रतिमा मात्र चार दिवसांत पक्की होते. त्यामुळे ज्या घरात पहिले वीस दिवस फक्त गणिताची पुस्तकं उघडली जातात, तिथे हाताशी असलेले गुण निसटतात.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी काहीच शिकवू नका. मागच्या वर्षाची एखादी प्रश्नपत्रिका घेऊन मुलाला घड्याळ लावून दोन तास बसवा. मदत करू नका, पाणी प्यायला मात्र उठू द्या. मग तपासताना प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा: येत नव्हतं तर ‘न’, प्रश्न चुकीचा वाचला तर ‘व’, घाईत चुकलं तर ‘घ’, उत्तर बरोबर पण उत्तरपत्रिकेवर गोल भलताच रंगवला तर ‘ग’. बहुतेक पालकांना वाटतं, ‘न’ सगळ्यात जास्त निघतील. प्रत्यक्षात ‘व’ आणि ‘घ’ मिळून त्याच्या आसपास येतात, आणि त्यांना नवीन धडा शिकवून काही उपयोग होत नाही. ही चार अक्षरं पुढचे चाळीस दिवस त्याच वहीत चालू ठेवा.

त्याच दिवशी माहितीपत्रक आणि प्रवेशपत्र तपासून ठेवा. मूल ज्या जिल्ह्यात पाचवीत शिकतंय त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी बसतं. वय, शाळा आणि रहिवासाच्या अटी त्या वर्षीच्या पत्रकातच पाहा. 2026-27 साठी जन्मतारीख 1 मे 2014 ते 31 जुलै 2016 च्या दरम्यान हवी होती. एका विद्यालयात जास्तीत जास्त 80 जागा असतात. त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण भागासाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण शाळेत झालेली लागतात. ‘घर गावात आहे’ एवढं पुरत नाही. ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही, त्यामुळे ‘या वर्षी नुसता अनुभव घेऊ’ हा विचार इथे चालत नाही.

फॉर्ममध्ये कोणती भाषा निवडली आहे तेही पाहा. इंग्रजी माध्यमाच्या मुलाचा फॉर्म मराठीतून भरलेला असला तर ‘एचसीएफ’ शिकलेल्या मुलापुढे ऐन पेपरात ‘मसावि’ येतो आणि ते अडखळतं. अशा वेळी पन्नासेक शब्दांची यादी भिंतीवर लावा: लसावि, मसावि, अंश, छेद, परिमिती, क्षेत्रफळ, स्थानिक किंमत, दर्शनी किंमत, मूळ संख्या, सहमूळ संख्या, विषम, भाज्य, भाजक, बाकी.

आकृत्या: दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न

प्रकार ठरलेले आहेत: गटात न बसणारी आकृती, तंतोतंत जुळणारी आकृती, अपूर्ण आकृती पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका, समसंबंध (पहिल्या जोडीतलं नातं दुसऱ्या जोडीला लावणे), भौमितिक आकृती (त्रिकोण, चौरस, वर्तुळ) पूर्ण करणे, आरशातली प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, तुकडे जोडून आकृती बनवणे, आणि लपलेली आकृती. दोन दिवसांना एक प्रकार घ्या. पहिल्या दिवशी हाताने करून पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून वीस प्रश्न. असे वीस दिवस जातात. गणित आणि उतारे त्यासोबत चालूच राहतील.

हाताने करून पाहणं टाळू नका. घडीच्या प्रश्नासाठी जुन्या वर्तमानपत्राचे वीतभर चौकोन कापा. उजवी बाजू डावीवर घाला, मग खालची वर, आणि कोपऱ्यात पंचिंग मशीनने एक भोक पाडा. उलगडण्याआधी मुलाला कागदावर चारही भोकं काढायला सांगा, मगच उलगडा. नियम एकच: शेवटची घडी आधी उघडायची. मुलं चुकतात ती तिरप्या घडीला. चौकोन कर्णावर दुमडला की काटकोन त्रिकोण मिळतो. काटकोनाच्या टोकाजवळ भोक पाडलं तर उघडल्यावर दोन भोकं समोरासमोरच्या कोपऱ्यांत दिसतात. तेच भोक घडीच्या रेषेच्या मध्याजवळ पाडलं तर दोन्ही चौकोनाच्या मधोमध जवळजवळ येतात. हा फरक तोंडी सांगून कळत नाही, पाच कागद फाडले की कळतो.

आरशासाठी छोटा आरसा पुरतो. आरसा आकृतीच्या उजवीकडे उभा असला तर डावं-उजवं बदलतं, वर-खाली तसंच राहतं. रेषा आकृतीखाली आडवी असली तर उलट होतं. आरसा कुठे आहे हे न बघताच उत्तर द्यायची सवय लागते, म्हणून पहिले दोन दिवस प्रत्येक प्रश्नात आधी आरशाच्या रेषेवर बोट ठेवायला लावा.

तुकडे जोडण्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कामाला येतात, कारण पुठ्ठा जाड असतो. चौकोन कापून त्याचे तीन-चार तुकडे करा, मिसळा आणि परत जोडायला द्या. भौमितिक आकृतीतही हीच नजर लागते. चौरसाला कोपरे चार. दिलेल्या तुकड्यात तीन अख्खे कोपरे दिसत असतील तर उरलेल्या तुकड्यात एकच हवा. दोन कोपऱ्यांचे पर्याय लगेच बाद. आणि दिलेला तुकडा जिथे फुगलेला, तिथे जोडीदार खोलगट.

मालिका आणि समसंबंधात एका वेळी एकच घटक पाहायचा. बाण किती अंश फिरला, टिंब कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्यात गेलं, रेषा एकाने वाढल्या की दोनाने. बाणावरूनच दोन पर्याय कटतात, टिंबावरून तिसरा. सगळी आकृती एकदम बघणारं मूल मिनिटभर नुसतं टक लावून बसतं. लपलेल्या आकृतीत सगळ्यात वेगळा दिसणारा कोपरा पकडायचा, एखादं टोकदार टोक किंवा वाकडी बाजू, आणि चारही पर्यायांत तोच शोधायचा.

गटात न बसणारी आणि तंतोतंत जुळणारी या दोन प्रकारांना एक दिवस पुरतो. मुलं यात सहसा आपापली तयार होतात.

अंकगणित: गळती कुठे होते

चाळीस दिवसांत सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून शिकवायला जाऊ नका. माहितीपत्रकातली प्रकरणांची यादी समोर ठेवा: संख्या आणि संख्यापद्धती, चार क्रिया, विभाजक-विभाज्य, दशांश, अपूर्णांकाचं दशांशात आणि उलट रूपांतर, मापनं, पदावली सोडवणे, व्यवहारी अपूर्णांक, टक्केवारीशिवाय नफा-तोटा, परिमिती व क्षेत्रफळ, कोनांचे प्रकार, आलेखांचं वाचन. बाजारातल्या जुन्या गाइडांत सरळव्याज आणि वेग-अंतराचे धडे असतात. यादीत नसेल तर पान उलटा. त्यांना घातलेले चार दिवस परत मिळत नाहीत.

पदावलीचा एक नमुना पाहा: 48 ÷ 6 × 2 − 5 + 3. उत्तर 14. पण मुलाला क्रियांच्या क्रमाचं ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पाठ असतं, आणि त्यात बेरीज वजाबाकीच्या आधी येते. म्हणून ते 5 आणि 3 ची बेरीज आधी करतं आणि 16 − 8 = 8 लिहितं. दुसरं मूल 6 × 2 आधी करतं, 48 ÷ 12 = 4 आणि शेवटी 2. पर्यायांत 14, 8 आणि 2 तिन्ही ठेवलेले असतात, त्यामुळे मुलाला आपलं चुकलंय याचा पत्ताच लागत नाही. सूत्र राहू द्या, पण त्याला जोड द्या: भागाकार-गुणाकार एकाच पायरीवर, बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, आणि पायरी एक असली की डावीकडून उजवीकडे.

लसावि की मसावि, इथे निम्मी मुलं अंदाजाने ठोकतात. त्यांना सूत्राआधी एक प्रश्न विचारायला शिकवा: उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठं यायला हवं की लहान? तीन घंटा 6, 8 आणि 12 मिनिटांनी वाजतात, 9 वाजता एकत्र वाजल्या, पुन्हा कधी? उत्तर 12 मिनिटांच्या आत येणं शक्य नाही, म्हणून लसावि: 24, म्हणजे 9 वाजून 24 मिनिटांनी. 24 आणि 36 लिटरचे दोन कॅन पूर्ण मोजता येतील असं मोठ्यात मोठं माप? माप 24 पेक्षा मोठं असूच शकत नाही, म्हणून मसावि: 12 लिटर.

रोज होणाऱ्या आणखी काही चुका अशा. 0.4 × 0.2 चं उत्तर मुलं 0.8 लिहितात. दशांशानंतरची घरं दोन्ही संख्यांची मिळून मोजायची, म्हणून 0.08. 0, 3, 5, 7, 9 हे अंक एकेकदा वापरून लहानात लहान पाच अंकी संख्या 30579 आहे, 03579 नव्हे. 57382 मध्ये 7 ची स्थानिक किंमत 7000 आणि दर्शनी किंमत 7, फरक 6993. इथे ‘फरक’ हा शब्दच वाचायचा राहतो आणि 7000 वर गोल पडतो. एसटी रात्री 10:45 ला निघून सकाळी 6:20 ला पोचली तर वजाबाकी मांडू नका. 10:45 ते 6:45 आठ तास, त्यातून 25 मिनिटं कमी, म्हणजे 7 तास 35 मिनिटं. 18 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद शेताला तारेचे तीन वेढे द्यायचे तर परिमिती 60, तार 180 मीटर. घाईत 216, म्हणजे क्षेत्रफळ, लिहिलं जातं. कुंपण, किनार, वेढा हे शब्द आले की परिमिती. फरशी, गवत, रंग आले की क्षेत्रफळ.

पाठ करायच्या गोष्टी थोड्याच ठेवा: 20 पर्यंतचे पाढे, 1 ते 100 मधल्या 25 मूळ संख्या, 2, 3, 4, 5, 6, 9 आणि 10 च्या विभाज्यतेच्या कसोट्या, आणि अपूर्णांक-दशांशाच्या जोड्या. एक चतुर्थांश 0.25, एक अष्टमांश 0.125, तीन अष्टमांश 0.375, पाच अष्टमांश 0.625, सात अष्टमांश 0.875, एक विसांश 0.05, एक पंचविसांश 0.04. सकाळी दात घासताना विचारायच्या, त्यासाठी वेगळा तास नको.

पर्याय दिलेले आहेत हे मुलं विसरतात. 347 × 26 करताना 7 सक 42, म्हणजे शेवटचा अंक 2. चारपैकी एकाच पर्यायाच्या शेवटी 2 असेल तर गुणाकार करायचाच नाही, 9022 वर गोल. ही युक्ती पहिल्या आठवड्यात सांगू नका, नाहीतर मूल हिशेबच सोडून देतं. शेवटच्या पंधरा दिवसांत सांगा.

उतारे

भाषेच्या भागात चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. व्याकरणाची मोठी पुस्तकं लागत नाहीत. मूल चुकतं ते ठरावीक जागी: उताऱ्यात नसलेलं, पण जगात खरं असलेलं उत्तर निवडतं. हे दोन वाक्यांत दाखवता येतं. ‘पावसाळ्यानंतर गावातल्या विहिरी तुडुंब असतात. पण मार्च उजाडला की पाणी तळाला जातं आणि बायकांना पहाटेच रांग लावावी लागते.’ प्रश्न: पहाटे रांग का लावावी लागते? पर्यायांत ‘ऊन लागू नये म्हणून’ असतो, आणि मूल तोच धरतं, कारण घरी ऐकलेलं असतं. उताऱ्यात उन्हाचा शब्दही नाही. म्हणून एक सवय: प्रत्येक उत्तराला उताऱ्यातल्या ज्या ओळीचा आधार आहे ती पेन्सिलीने अधोरेखित करायची. ओळ सापडली नाही तर उत्तर बदलायचं. शीर्षकाच्या प्रश्नाला एकच ओळ पुरत नाही. तिथे पहिली आणि शेवटची वाक्यं जोडून पाहायची.

रोज दोन उतारे, प्रत्येकी सहा मिनिटं. पुस्तक संपलं तर वर्तमानपत्रातली शंभर-सव्वाशे शब्दांची बातमी घ्या, पाच प्रश्न तुम्ही काढा. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द त्या उताऱ्यांतूनच वहीत उतरवायचे. याद्या पाठ करून घेऊ नका, उताऱ्यात शब्दाचा अर्थ संदर्भानेच लागतो.

दिवस कसा बसवायचा

शाळा चालू असताना अडीच तासांहून जास्त मागू नका. सकाळी शाळेआधी 40 मिनिटं आकृत्या, संध्याकाळी खेळून आल्यावर 50 मिनिटं गणित, रात्री जेवणाआधी 20 मिनिटं उतारे, आणि झोपण्यापूर्वी 15 मिनिटं चुकांची वही. रविवारी एक पूर्ण पेपर. विसाव्या दिवसानंतर आठवड्याला दोन पेपर आणि शेवटच्या दहा दिवसांत एक दिवसाआड. पेपर सकाळी 11:30 ते 1:30 याच वेळेत घ्या, कारण खरी परीक्षाही तेव्हाच असते आणि एक वाजता भूक लागते. एकूण दहा-अकरा पेपर पुष्कळ झाले. रोज एक पेपर सोडवून घेणारे क्लास आहेत. चुका तपासायला वेळच उरत नाही, आणि मूल तीच चूक तीस वेळा करून ती पक्की करतं.

तारीख पंधरा दिवसांवरच आली असेल तर हे करा: आकृत्यांचे दहाही प्रकार रोज दोन याप्रमाणे, गणितात फक्त पदावली, लसावि-मसावि, दशांश आणि परिमिती, रोज एक उतारा, आणि तीन पूर्ण पेपर. आलेख आणि कोन सोडले तरी चालतील.

दोन तासांची वाटणी कागदावर ठरवून ठेवा: आकृत्यांना 45 मिनिटं, उताऱ्यांना 25, गणिताला 45, आणि शेवटची 5 मिनिटं उरलेल्या गोलांसाठी. गणितात एका प्रश्नावर दीड मिनिट गेलं की प्रश्नपत्रिकेत खूण करून पुढे. हट्टी मुलं इथे अडकतात. हुशार मुलांचे गुण बऱ्याचदा असेच जातात.

ओएमआर

ओएमआर म्हणजे गोल रंगवायची, यंत्राने तपासली जाणारी उत्तरपत्रिका. तिच्या वीस झेरॉक्स काढा आणि पहिल्या पेपरापासून त्यावरच उत्तरं घ्या. निळं किंवा काळं बॉलपेन वापरायचं. जेलपेन पसरतं, पेन्सिल चालत नाही, खोडायला किंवा व्हाइटनर लावायला परवानगी नाही. एकदा रंगवलेला गोल बदलता येत नाही, म्हणून उत्तर आधी प्रश्नपत्रिकेत खूण करून ठरवायचं, मग गोल.

एक गोल नीट भरायला तीन-चार सेकंद लागतात, 80 गोलांना पाचेक मिनिटं. सगळे गोल शेवटी भरू म्हणणारी मुलं शेवटच्या मिनिटांत ओळ चुकतात. 23 वा प्रश्न सोडलेला असतो, 24 चं उत्तर 23 पुढे जातं आणि तिथून पुढची सगळी ओळ एकने सरकते. यावर उपाय एकच: दर चार प्रश्नांनी गोल भरायचे, आणि पान उलटताना प्रश्नाचा क्रमांक व गोलाचा क्रमांक तोंडाने पुटपुटून जुळवायचा. आसन क्रमांक आणि प्रश्नपुस्तिकेचा कोड भरायचाही घरी सराव घ्या. पहिल्या पेपरात मुलं तिथेच पाच मिनिटं घालवतात.

शेवटचे दोन दिवस आणि परीक्षेचा दिवस

शेवटच्या दोन दिवसांत नवा पेपर नको. चुकांची वही आणि पाढे, बस्स. या काळात एक गोष्ट मात्र मुलाशी बोलून घ्या. नवोदय निवासी शाळा आहे, निवड झाली तर सहावीपासून वसतिगृहात राहायचं असतं. मुलाला हे निकालानंतर कळलं तर घरात वेगळाच गोंधळ होतो, आणि आधी कळलेलं मूल निदान कशासाठी बसतोय हे जाणून बसतं.

केंद्र आदल्या दिवशी पाहून या. प्रवेशपत्राच्या दोन प्रती, दोन चालू बॉलपेनं आणि लिहायला पॅड सोबत ठेवा. नवं पेन त्या दिवशी नको, आधी चार गोल रंगवून पाहिलेलं हवं. सकाळी पोहे किंवा भाकरी-भाजी, रोजचंच. मनगटी घड्याळ आत नेऊ देतात की नाही हे प्रवेशपत्रावरच्या सूचनांत वाचा. नेऊ देत नसतील तर वर्गातल्या घंटेवर आणि पर्यवेक्षकांच्या सांगण्यावर वेळ धरायचा सराव शेवटच्या दोन पेपरांत करून घ्या. आणि मुलाला एवढंच बजावून सोडा: एक पंचवीस झाले की सोडवणं थांबवायचं, रिकामा राहिलेला प्रत्येक गोल, येत नसला तरी, भरायचा.